मी हमीवर आलेला प्रेस

प्रेस म्हटलं की कोणाला छापखाना आठवतो, कोणाला इस्त्रीचं दुकान. मी त्यातला नाही. मी रबर दाबणारा प्रेस बोलतोय.

दोन जाडजूड लोखंडी पाट्या, त्यांना धरणारे चार खांब, खालची पाटी वर ढकलणारा एक दट्ट्या, बाजूला तेलाचा पंप आणि पाट्यांच्या पोटात हीटर. एवढाच माझा देह. पाट्यांमध्ये साचा ठेवायचा, त्यात कच्च्या रबराचे तुकडे घालायचे, मी तापून घट्ट दाबून धरायचं, आणि थोड्या वेळाने उघडलं की आतून घडीव वस्तू निघते. म्हाताऱ्या माणसाच्या काठीला, कुबड्यांना, दवाखान्यातल्या वॉकरला खाली जे रबर असतं, पाय घसरू नये म्हणून, ते माझं काम. आमच्या शेडमध्ये त्याला बूट म्हणत. माणसांनी बूट घालावेत आणि त्यांच्या काठ्यांनीही, यात मला तेव्हा मोठी गंमत वाटायची.

माझा जन्म यंत्रं बनवणाऱ्या एका वर्कशॉपातला. अंगाला हिरवा रंग लागला, पंपात तेल भरलं गेलं, आणि मी गिऱ्हाइकाची वाट बघत दाराशी उभा राहिलो. एके दिवशी एक जोडपं आलं. तो वाकून वाकून माझ्या पाट्यांवर पट्टी टेकवून बघत होता, की कुठे फट राहते का. ती मागे उभी होती. तिने एकच प्रश्न विचारला, "हा बिघडला तर दुरुस्त कोण करणार?"

"मी आहे ना," तो म्हणाला.

हे दोघं माझे मालक. त्याला सगळी गल्ली इंजिनिअर म्हणायची. शिक्षण काही तेवढं नव्हतं, पण कोणाचा मिक्सर बंद पडो, कोणाच्या पाण्याच्या पंपातून आवाज येवो, त्याचं नाव निघायचं. पैसे घेताना मात्र त्याची जीभ अडखळायची, म्हणून गल्लीचं त्याच्यावर भारी प्रेम. एका मोठ्या रबराच्या कारखान्यात तो वर्षानुवर्षं माझ्यासारखेच प्रेस चालवत होता. कारखाना दुसरीकडे हलला आणि हा मागे राहिला. तेव्हा नवरा-बायकोने ठरवलं, आता आपलंच काहीतरी काढायचं. तिला कामावरच्या बायका बाई म्हणत, मीही तेच म्हणतो.

काढायचं म्हणजे भांडवल आलं. घर होतं, पण ते त्याच्या आईच्या नावावर, आणि सासूबाईंनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं की कारखाना काढा, दुकान काढा, माझ्या घराला हात लावायचा नाही. त्यामुळे तारण द्यायला यांच्याकडे काही नव्हतं. बँकेतल्या साहेबांनी तेव्हा एक योजना सांगितली. छोट्या कारखानदारांसाठी सरकार कर्जाची हमी घेतं. घर गहाण नको, जामीनदार नको. वर्षाला थोडी हमीची फी भरायची, बस्स. फर्म दोघांच्या नावावर करा, योजनेत बाईमाणसाचं नाव असलेलं बरं, असंही साहेबांनीच सुचवलं. निघताना त्यांनी इंजिनिअरच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं होतं, "घाबरता कशाला? सरकार उभं आहे तुमच्या मागे."

हे मला कसं ठाऊक? घर लहान होतं, सासूबाईंचे कान तिखट होते. त्यामुळे दोघांचं जे काही महत्त्वाचं बोलणं व्हायचं ते शेडमध्ये, माझ्या पंपाच्या आवाजाच्या आडोशाला. भांडणंसुद्धा. मी ऐकत असतो याचा माणसांना कधी संशय येत नाही.

मला शेडमध्ये आणून चार बोल्टांनी जमिनीला आवळलं, आणि दुसऱ्याच दिवशी एक रंगारी आला. त्याने माझ्या कुशीवर पांढऱ्या अक्षरात बँकेचं नाव लिहिलं आणि खाली लिहिलं की या यंत्रावर बँकेचा बोजा आहे. बोजा लिहिताना त्याने 'ज'च्या जागी 'झ' काढला. बाई हसली. म्हणाली, असू दे, वजन तर कळतंय.

त्या दिवशी तिने त्याला नीट विचारलं होतं, ही हमी म्हणजे नक्की काय. तो साचा पुसत म्हणाला, "विम्यासारखं आहे गं. फी आपण भरायची. उद्या काही कमी-जास्त झालंच, तर सरकार भरतं."

"आपल्या वतीने?"

"मग काय, माझ्या बापाच्या वतीने?" तो हसला आणि पंप सुरू केला. तिला पुढे काहीतरी विचारायचं होतं. पण काम सुरू झालं, आणि ते राहून गेलं.

सुरुवातीचे दिवस फार छान गेले. शेडच्या एका बाजूला वेल्डिंगवाला, दुसऱ्या बाजूला खोके बनवणारा, मध्ये आम्ही. सकाळी आल्या आल्या इंजिनिअर माझे हीटर लावायचा आणि पाट्या तापेपर्यंत माझ्या खांबाला पाठ टेकून चहा प्यायचा. बाई काट्यावर रबराचे तुकडे तोलून मांडायची. तुकडा हलका पडला तर बूट अर्धवट निघतो, जड पडला तर कडेने रबर फार बाहेर येतं. ते बाहेर आलेलं पातळ रबर कापायला दोन बायका होत्या, एकाच घरातल्या जावा, थोरली आणि धाकटी. दुधावरच्या सायीसारखी ती कड त्या कात्रीने अलगद काढायच्या. या दोघी घरी एकमेकींशी बोलत नसत, शेडमध्ये मात्र एकाच टोपलीशी बसून दिवसभर त्यांची तोंडं बंद होत नसत. घरी गेल्यावर पुन्हा अबोला.

पहिला बरा निघालेला बूट इंजिनिअरने आईच्या काठीला बसवला. सासूबाई म्हणाल्या, फार कडक आहे, जमिनीला चिकटतो, काठी उचलवत नाही. पण शेजारची म्हातारी काठी बघायला मागू लागली तेव्हा त्यांनी ती हातात दिली नाही.

सगळा माल एकाच कंपनीला जायचा. वॉकर आणि कुबड्या बनवणारी कंपनी. बाई अधूनमधून म्हणायची, आणखी दोन-चार गिऱ्हाइकं बघूया. त्याला ते पटायचं, पण वेळ कुठे होता? कंपनी जेवढं मागत होती तेवढंच उरकत नव्हतं. हप्ते वेळेवर जात होते. बँकेतले साहेब एकदा मुद्दाम बघायला आले, माझ्या पाठीवर थाप मारून गेले. थोड्याच दिवसांत त्यांची बदली झाली.

मग कंपनीचे पैसे उशिरा येऊ लागले. आधी थोडा उशीर, मग फार. इंजिनिअर वसुलीला जायचा आणि पुढची तारीख घेऊन यायचा. एक दिवस तो परत आला आणि चहाला नको म्हणाला. बाईने विचारलं तेव्हा कळलं की कंपनीतल्या खरेदीवाल्याने आज त्याला बसवून चहा पाजला होता. इतक्या वर्षांत ज्याने पाणी विचारलं नाही त्याने चहा पाजला, म्हणजे काय ते समजायचं. कंपनी आता बूट बाहेरच्या देशातून तयार मागवणार होती. ते स्वस्त पडत होते. आमचं काम संपलं होतं. मागचे पैसे देऊ म्हणाला, पण हळूहळू.

मी थंड पडलो. यंत्राला थंडी वाजत नाही म्हणतात, ते मला मान्य नाही.

जे थोडे पैसे हातात आले त्यावरून दोघांचं वाजलं. बाई म्हणत होती, पूर्ण नाही तर नाही, जमेल तेवढं बँकेत भरू. इंजिनिअरचं म्हणणं वेगळं. रबरवाल्याचं देणं आधी, जावांची मजुरी आधी, आणि उरलेल्या पैशांतून गाडीच्या सुट्या भागांचा एक नवा साचा करून घेऊ. एका माणसाने मोठ्या ऑर्डरचा शब्द दिला होता. बँकेचं काय, असं तिने विचारलं तर तो शांतपणे म्हणाला, "बँकेला सरकार आहे. त्या गरिबांना कोण आहे?"

तो लबाडीने बोलत नव्हता. मी त्याला जवळून ओळखतो. त्याचा खरंच तसा विश्वास होता.

नवा साचा आला. ऑर्डर आली नाही. शब्द देणाऱ्या माणसाने फोन उचलणं बंद केलं, आणि तसंच इंजिनिअरने बँकेचा फोन उचलणं बंद केलं. फोन माझ्या पंपाच्या झाकणावर पडलेला असायचा, थरथरत थरथरत कडेला यायचा. तो त्याला पुन्हा मध्ये ठेवायचा.

शेवटी बाई एकटीच बँकेत गेली. परत आली ती घरी न जाता थेट शेडमध्ये. तो जुन्या साच्याचा गंज घासत होता. तिने जे सांगितलं ते असं.

साहेबांच्या जागी आता एक तरुण मॅडम होत्या. टेबलावर कागदांचा ढीग, डोळ्यांखाली काळं. बाईने त्यांना अगदी सरळ विचारलं होतं, की आमच्या कर्जाला सरकारची हमी आहे, तर सरकार आमचे हप्ते कधीपासून भरणार? मॅडमनी हातातलं काम थांबवलं. बाई चेष्टा करते आहे का, असं थोडा वेळ त्या बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "ती हमी बँकेला आहे, तुम्हाला नाही. तुमच्याकडून पैसे आले नाहीत तर बँकेचं नुकसान थोडंफार भरून निघावं, म्हणून. तुमचं देणं त्याने एका पैशानेही कमी होत नाही."

"मग आम्ही फी भरली ती कशाची?"

"घर गहाण न ठेवता कर्ज मिळालं, त्याची."

बाईने पाणी मागितलं. मॅडमनी स्वतः उठून आणून दिलं आणि विचारलं, हे तुम्हाला आधी कोणी सांगितलं नव्हतं का? त्यावर बाईला जुने साहेब आठवले. सांगितलं तर होतं. सरकार मागे उभं आहे, असं सांगितलं होतं.

इंजिनिअरचा विश्वास बसला नाही. ती मॅडम नवीन आहे, तिला योजना ठाऊक नसेल, असं म्हणत तो दुसऱ्या दिवशी स्वतः गेला. दुपारी परत आला, तेलाच्या डब्यावर बसला, मग उठून त्याने माझे हीटर लावले. दाबायला काही नव्हतं. मी रिकामाच तापत राहिलो. तो माझ्याकडे बघत बसला. बाई आली, तिने विजेच्या बिलाचा विचार केला असणार, कारण तिचा हात बटणापाशी गेला. पण तिने लगेच बंद केलं नाही. त्याच्याजवळ जरा वेळ बसली, आणि मग केलं.

यानंतर भावजी आले. बाईचा धाकटा दीर, जुन्या यंत्रांची दलाली करायचा. बोलायला गोड, आणि भावावर त्याची खरी माया होती, हेही सांगितलं पाहिजे. त्याने माझ्याभोवती फेरी मारली, दट्ट्याला बोट लावून तेल गळतंय का पाहिलं. त्याचं म्हणणं असं, की बँकेला सरकारकडून मिळायचं ते मिळणारच आहे, मग चांगलं यंत्र त्यांच्या घशात कशाला घालायचं? लांबच्या एका गावी गिऱ्हाईक तयार आहे, रोख देईल, कागद मागणार नाही. बँकेचा माणूस आला तर सांगायचं, मोडीत निघालं. त्या पैशांतून दादाने दुसरं काहीतरी सुरू करावं.

इंजिनिअर हो म्हणाला नाही. पण नाहीही म्हणाला नाही, आणि भावजींना तेवढं पुरेसं होतं.

ते घडलं भर दुपारी. बाई सासूबाईंना गुडघे दाखवायला दवाखान्यात घेऊन गेली होती. इंजिनिअर आणि भावजी शेडमध्ये आले, दार अर्धं ओढून घेतलं. भावजींनी चिंधीला थिनर लावून माझ्या कुशीवरची पांढरी अक्षरं पुसायला घेतली. इंजिनिअरने पाना घेतला आणि पायाचे बोल्ट सोडवायला बसला. त्याचा हात असा जड मी कधी पाहिला नव्हता. ज्या बोल्टाला एरवी तो गाणं गुणगुणत फिरवायचा, तो त्याच्याकडून सुटत नव्हता. दोन निघाले. बाहेर टेम्पो मागे घेतल्याचा आवाज आला.

तेवढ्यात थोरली जाऊ आपली राहिलेली कात्री न्यायला आली. तिने दाराच्या फटीतून पाहिलं आणि आल्या पावली परत गेली. तिने बाईला दवाखान्यात गाठलं. बाई सासूबाईंना थोरलीच्या हवाली करून धावत आली. आली तेव्हा घामाने निथळत होती, आणि आवाज मात्र नेहमीसारखाच होता.

"वहिनी, तुम्ही घरी जा," भावजी म्हणाले. "तुम्हाला यातलं काही माहीतच नाही असं समजा. तुमच्याच भल्याचं आहे."

"भावजी, कर्जाच्या कागदावर माझी सही आहे. मला माहीत नसून कसं चालेल?"

मग ती नवऱ्याकडे वळली. "अहो, तो पाना खाली ठेवा."

"हे एकदा गेलं की सुटलो आपण," तो जमिनीकडे बघत म्हणाला.

"कसले सुटलो? आज आपण देणं लागतो, एवढंच आहे. लोकांना तोंड दाखवता येतं. उद्या चोर ठरू."

"मग देणार कुठून, सांग."

"ते मला माहीत नाही," ती म्हणाली. "पण हे नको."

शेजारी वेल्डिंग चाललं होतं, त्याचा निळा उजेड भिंतीवर उडत होता. इंजिनिअर उकिडवा बसला होता तसाच खाली टेकला. त्याने तोंड हाताच्या कोपरात लपवलं. मग सोडलेले दोन्ही बोल्ट उचलून त्याने पुन्हा बसवायला घेतले, आणि या वेळी पाना भराभर फिरला. भावजींनी चिंधी फेकली. म्हणाले, दादा, यापुढे मला हाक मारू नकोस. टेम्पोवाल्याने आत डोकावून विचारलं की भाडं कोण देणार. त्याचंही बरोबर होतं. ते बाईने आपल्या पर्समधून दिलं.

भावजींनी येणं-जाणं तोडलं. सासूबाईंना वाटलं सुनेमुळे भावाभावांत फूट पडली. त्या सुनेशी बोलेनाशा झाल्या. गिळायच्या गोळ्या मात्र तिच्याच हातून घ्यायच्या.

नवरा-बायको मग एकत्र बँकेत गेले. ती नंतर थोरलीला सांगत होती तेव्हा मी ऐकलं, की इंजिनिअर तिथे टेबलावरच्या पेनस्टँडकडे नुसता बघत राहिला. जे बोलायचं ते तीच बोलली. माल जात नाही, कंपनीने पैसे अडकवले, नव्या साच्यात चूक झाली, सगळं. टेम्पोचं काही तिने सांगितलं नाही. मॅडमनी मात्र काही लपवलं नाही. खातं थकीत झालंय, हमीचा दावा वर गेलाय, बँकेला सरकारकडून काही रक्कम येईल, पण त्याने यांची सुटका नाही. यंत्र जप्त करून लिलाव केला तर मातीमोल जाईल. त्यापेक्षा बँकेच्या परवानगीने तुम्हीच उजळ माथ्याने चांगलं गिऱ्हाईक शोधा. ते पैसे कर्जात जमा होतील, उरलेल्याचे लहान हप्ते बांधून देता येतात का ते मी बघते. गिऱ्हाईक मिळेपर्यंत यंत्र चालवा, आणि जे मिळेल ते भरत राहा.

पुढचे काही महिने मला बाईने एकटीने चालवलं. इंजिनिअर शेडकडे फिरकला नाही. शेजारच्या खोकेवाल्याकडे तो गाडीत माल भरायचं काम करू लागला. भिंतीपलीकडून त्याच्या खोकल्याचा आवाज मला यायचा. तो कधी वाकून इकडे बघायचा नाही.

बाईला तोलणं येत होतं, दाबणं येत नव्हतं. पहिल्या खेपेला तिने मला लवकर उघडलं. रबर कच्चं राहिलं, साच्याला चिकटून बसलं, ते पितळी पट्टीने खरवडता खरवडता तिचं मनगट पाटीला लागून भाजलं. तिने तोंडातून आवाज काढला नाही, कारण भिंतीपलीकडे तो होता. पिशवी खांद्याला लावून ती दुकानं फिरली. भांड्यांच्या दुकानांना कुकरच्या रिंगा, नळदुरुस्तीवाल्यांना वॉशर, एका दवाखान्याच्या भांडारात काठीचे बूट. जी गिऱ्हाइकं आधी शोधायला हवी होती ती तिने आता शोधली. लोक घेत होते, पण थोडं थोडं. धाकटी जाऊ दुसरीकडे कामाला लागली. थोरली अर्ध्या मजुरीवर राहिली आणि दिवसभर धाकटीच्या तक्रारी सांगू लागली, आता बोलायला ती नव्हती ना.

शेडचं भाडं, वीज आणि रबर यांतून उरायचं ते इतकं कमी होतं, की एक दिवस बाई माझ्या समोर उभी राहून मोठ्याने म्हणाली, "नाही होत रे." कोणाला म्हणाली? शेडमध्ये मीच होतो.

गिऱ्हाईक तिनेच शोधलं. रबराचा मोठा कारखाना असलेले एक वयस्कर गृहस्थ, सगळे त्यांना काका म्हणत. त्यांनी भाव पाडून मागितला, ती अडून बसली, शेवटी मधे कुठेतरी जमलं. बँकेची परवानगी निघाली.

काकांची गाडी सकाळीच दाराशी आली. दवाखान्याचा शेवटचा माल अजून निघायचा होता. बाईने काकांना सांगितलं, कबूल केलेलं आहे, तेवढं काढून देते, मग न्या. काकांनी घड्याळ पाहिलं, कपाळाला आठी घातली, आणि थोरलीने पुढे केलेल्या स्टुलावर बसले.

दोन-तीन खेपा झाल्या असतील, तोच इंजिनिअर दारात उभा दिसला. अंगावर खोक्यांचा भुसा होता. तो आत आला, बाईच्या हातून पितळी पट्टी घेतली, आणि साच्यासमोर उभा राहिला. ती बाजूला सरून तोलायला बसली. त्याने साचा सरकवावा, तिने तुकडे मांडलेले असावेत, त्याने उघडावं, थोरलीच्या टोपलीत बूट पडावेत. मी आयुष्यात पुष्कळ माल काढला आहे. त्या सकाळसारखा एकसारखा, बिनचूक माल माझ्यातून पुन्हा निघाला नाही.

माल संपल्यावर त्याने हीटर बंद केले आणि चारही बोल्ट स्वतः सोडले. बाईने मला चिंधीने पुसलं. कुशीवरची अर्धवट पुसलेली अक्षरंसुद्धा पुसली, पण ती काही गेली नाहीत. बँकेचा माणूस कागद घेऊन आला होता, त्याने एकदा ती अक्षरं वाचली, एकदा त्या दोघांकडे पाहिलं, आणि सही घेतली. मला साखळीने उचललं तेव्हा माझ्या पाट्या अजून गरम होत्या.

आता मी काकांच्या कारखान्यात आहे. ओळीने उभे असलेले प्रेस, त्यातला एक मी. कपडे धुण्याच्या यंत्राखाली बसवायचे रबरी पाय बनवतो. हिरव्यावर निळा रंग चढवला आहे, त्यामुळे माझ्यावर कधी काही लिहिलेलं होतं हे कोणाला समजत नाही. सुरुवातीला माझ्यावर एक घाईचा माणूस होता. साचा आपटायचा.

व्यवहाराच्या वेळीच काकांनी इंजिनिअरला विचारलं होतं, चालवायला येतोस का म्हणून. तो तेव्हा नाही म्हणाला होता. ज्याची मालकी होती त्यावर मजुरी करायची, हे त्याच्या गळी उतरत नव्हतं. बाईने त्याला आग्रह केला नाही, असं मला वाटतं. केला असता तर तो आला नसता. एक दिवस तो फाटकाशी आला आणि रजिस्टरवर नाव लिहून आत आला, इतकंच मला ठाऊक.

पहिले बरेच दिवस तो माझ्याशी परक्यासारखा वागला. काम करायचा, भोंगा झाला की निघून जायचा. त्याच्या पगारातून हप्ता बँकेत जातो. बाईने जोडलेली दुकानं सोडली नाहीत. ती काकांकडूनच रिंगा आणि वॉशर घेते आणि फिरून विकते, तिचंही थोडं त्यात पडतं. सासूबाई तिच्याशी बोलू लागल्या आहेत, भावजी अजून फिरकले नाहीत. कर्ज फिटायला अजून पुष्कळ अवकाश आहे. मधेच कोणी आजारी पडलं, काकांचं काम मंदावलं, तर काय, हे मला सांगता येत नाही. त्यालाही येत नसावं. जेवणाच्या सुट्टीत तो डबा उघडून कितीतरी वेळ नुसता बसतो.

तुम्ही माझ्यासारखं एखादं यंत्र हमीवर घेणार असाल, तर माझं एवढं ऐका. जरूर घ्या. घर गहाण न टाकता दोन हातांना काम मिळतं, ही लहान गोष्ट नाही. ती योजना नसती तर मी या दोघांच्या दारी आलोच नसतो. फक्त सही करण्याआधी विचारा, ही हमी कोणाला आहे? लाजू नका. पंप सुरू झाला तरी तो बंद करायला लावा आणि उत्तर घ्या. आणि टेबलापलीकडे बसणाऱ्यांनो, वाक्य पूर्ण सांगा. त्या साहेबांनी खोटं काही सांगितलं नव्हतं. अर्धं सांगितलं होतं, आणि उरलेलं अर्धं कळेपर्यंत माझं ते शेडमधलं घर गेलं.

परवाची गोष्ट. शेजारच्या प्रेसवरचा नवा कामगार हात पुसत इंजिनिअरजवळ आला. त्याने कुठून तरी ऐकलं असावं. विचारलं, "हा प्रेस तुमचा स्वतःचा होता म्हणे?"

मला वाटलं, आता हा उठून जाईल.

तो साचा उघडत होता. पट्टीने माल सोडवता सोडवता, आवाज न उतरवता म्हणाला, "होता. अजून फेडतोय."

आणि मग त्याने माल टोपलीत ओतला, हात मागे टेकला, आणि बऱ्याच दिवसांनी माझ्या खांबाला पाठ लावून उभा राहिला. बरं, काम सुरू व्हायचा भोंगा होतोय. मला तापायला हवं.